परतीची वाट : ’७४ च्या जीपचे मागचे दिवे

१९ सप्टेंबर २०२४, गुरुवार

गणपती गेले, आता जीपकडे वळायला वेळ आहे. गाडी महिंद्राची सीजे-३बी, १९७४ ची. चार सिलिंडरचं पेट्रोल हरिकेन इंजिन, ८० इंची व्हीलबेस, उंच बॉनेट. विजेचं काम १२ व्होल्टचं, बॅटरीचा निगेटिव्ह चासीला. मूळचा डायनामो कधीच गेला, अल्टरनेटर आहे.

तक्रार मागच्या दिव्यांची. आज संध्याकाळी मुलीला ब्रेकवर बसवलं, मी मागे उभा राहिलो आणि एकेक लक्षण लिहून घेतलं :

नुसते पार्किंग दिवे लावले की दोन्ही टेल लाईट सारख्या दिसतात. काहीच बिघाड नाही असं वाटतं.

दिवे बंद ठेवून ब्रेक दाबला की डावीकडचा लाल दिवा भरपूर पेटतो. उजवीकडचा पेटतो, पण टेल लाईटइतकाच, मिणमिणता.

दिवे चालू ठेवून ब्रेक दाबला की उजवा दिवा साफ विझतो.

उजवा इंडिकेटर टाकला तर मागचा पिवळा दिवा निम्माही पेटत नाही, शेजारचा लाल मात्र त्याच तालावर किंचित लुकलुकतो.

तिसऱ्या लक्षणाने मला खरी धास्ती बसली. रात्री, दिवे चालू असताना, ब्रेक दाबल्याच्या नेमक्या क्षणी उजवी बाजू अंधारात जाते. आमच्या चिपळूणजवळच्या कुंभार्ली घाटात मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला जीप थांबते आहे असं दिसायच्या ऐवजी जीपचा अर्धा भाग नाहीसाच झालेला दिसणार. आपल्या देशात डाव्या बाजूने गाडी चालते, ओव्हरटेक करणारा उजवीकडून येतो. त्याला रस्त्यावर आपली कड कुठे संपते हे सांगणारा दिवा उजवाच.

नोव्हेंबरात रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण आहे (पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी, म्हणजे ८९ पासूनचं चक्र याच वर्षी पुन्हा येतं). तिथे गाडी तपासतात, दिवे बघतात. पण ते कारण दुय्यम.

२१ सप्टेंबर, शनिवार

दोन्ही दिवे खोलले. गोल लाल काचा, प्रत्येकी दोन स्क्रू.

आधी बल्ब. ही जागा दोन फिलामेंटच्या बल्बची, पी २१/५ डब्ल्यू : २१ वॅटची तार ब्रेकची, ५ वॅटची टेलची. बुडाला दोन टिकल्या, आणि कडेच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर, म्हणजे बल्ब उलटा बसूच नये. एकाच फिलामेंटच्या पी २१ डब्ल्यू बल्बच्या खुंट्या मात्र एका पातळीत असतात आणि बुडाला एकच मोठी टिकली असते. कुणी तो जोर लावून या होल्डरमध्ये बसवला तर ती एक टिकली दोन्ही कॉन्टॅक्टना जोडून टाकते, आणि ब्रेक दाबला की गाडीचे सगळे पार्किंग दिवे लागतात. जुन्या गाड्यांत हे फार आढळतं, म्हणून पहिल्यांदा तेच बघायचं. इथे दोन्ही बल्ब बरोबर निघाले. बॅटरीवर थेट लावून पाहिले, दोन्हींच्या दोन्ही तारा शाबूत.

म्हणजे नवे बल्ब आणून काही होणार नाही. दुकानात पहिला सल्ला तोच मिळतो.

उजव्या होल्डरच्या स्प्रिंगमध्ये जोर राहिलेला नाही, आतली चकती उष्णतेने वाकलेली. आत पितळेवर हिरवा कळंक. डावीकडे कळंक कमी.

२२ सप्टेंबर, रविवार

आजचा दिवस मीटरचा. हा दिवस मला सगळ्यात आवडला, म्हणून सविस्तर लिहितो.

इंजिन बंद, बॅटरी १२.५ व्होल्ट. दिवे बंद, ब्रेक दाबलेला. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर कायम (लांब वायर जोडून मागे नेली), लाल पिन फिरवत गेलो.

डाव्या दिव्याला येणारा ब्रेकचा पुरवठा : ११.२.
उजव्या दिव्याला येणारा : ११.२.
डाव्या दिव्याचं धातूचं अंग : ०.५.
उजव्या दिव्याचं धातूचं अंग : १०.९.

दिव्याचं अंग म्हणजे अर्थ (अर्थिंग), करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट. तिथे शून्याजवळ काहीतरी दिसायला हवं, दशांश एक-दोन व्होल्ट फार तर. तिथे १०.९ दिसतात याचा अर्थ बल्बमधून करंट आला आणि पुढे परत जायला वाटच सापडली नाही.

मग उजवा दिवा मिणमिणता का होईना, पेटतो कसा? मी कागदावर आकृती काढली. ब्रेकचा करंट २१ वॅटच्या तारेतून होल्डरच्या अंगात येतो. अंगाला अर्थ नाही. पण त्याच अंगाला ५ वॅटची तार जोडलेली आहे, आणि तिचं दुसरं टोक टेल लाईटच्या वायरवर आहे. ती वायर डाव्या टेल लाईटला, नंबर प्लेटच्या दिव्याला, पुढच्या पार्किंगला जाते, आणि त्या सगळ्यांना अर्थ आहे. करंट त्या आडवाटेने घरी जातो. वाटेत ५ वॅटची तार सगळ्यात चिंचोळी : तापलेली असताना तिचा रोध २९ ओहमच्या आसपास. २१ वॅटची तापली तर ७, पण एवढ्याशा करंटने ती तापतच नाही, आणि थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या साधारण दहावा हिस्सा. म्हणून जवळजवळ सगळा दाब (व्होल्टेज) ५ वॅटच्या तारेवर पडतो आणि तीच पेटते. ब्रेक दाबूनही टेल लाईटएवढाच उजेड का, त्याचं उत्तर मिळालं.

आता दिवे चालू, ब्रेक सोडलेला. टेलचा करंट ५ वॅटच्या तारेतून अंगात येतो, तिथून २१ वॅटच्या थंड तारेतून उलटा ब्रेकच्या वायरवर, आणि डावीकडच्या २१ वॅटच्या तारेतून डाव्या दिव्याच्या अर्थला. दोन थंड तारा म्हणजे जेमतेम दीड ओहम. उजवी टेल लाईट म्हणून जवळपास पूर्ण पेटते. याच कारणाने इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि दिवे चालू असताना ब्रेक दाबला की ब्रेकची वायरही बॅटरीच्या दाबावर, टेलची वायरही त्याच दाबावर. अंग मध्ये लोंबकळतं. दोन्ही बाजूंनी दाब सारखा, मग करंट वाहणार कुठे? दोन्ही तारा विझतात.

इंडिकेटर याच ब्रॅकेटवर आहे, अर्थ एकच, म्हणून तोही लाल दिव्यातून वाट काढतो.

चारही लक्षणांना एकच कारण पुरलं. पडताळणी म्हणून एक मोकळी वायर उजव्या दिव्याच्या अंगावरून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. चारही लक्षणं गेली. वायर काढली, परत आली. मुलीने स्वतः लावून-काढून पाहिलं आणि आकृतीचा कागद मागून घेतला.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो. बॅटरी १२.५ आणि दिव्यापाशी पुरवठा ११.२. हा १.३ व्होल्टचा घाटा अर्थचा नाही. तो दुसरा आजार, त्याच्याकडे नंतर.

२८ सप्टेंबर, शनिवार

अर्थ नेमका कुठे तुटला आहे ते शोधलं. जीपच्या मागच्या दिव्याला वेगळी अर्थ वायर नाही. करंटने दिव्याच्या अंगातून ब्रॅकेटमध्ये, बोल्टमधून बॉडीच्या पत्र्यात, बॉडीच्या बोल्टमधून चासीत, आणि चासीतून बॅटरीच्या पट्टीत जायचं. बॉडी आणि चासीच्या मध्ये गाद्या असतात, म्हणजे तिथेही भरवसा फक्त बोल्टच्या आट्यांवर. पन्नास वर्षांपूर्वी नव्या, कोरड्या, पातळ रंगाच्या गाडीत हे चालत होतं.

ब्रेक दाबलेला ठेवून टप्प्याटप्प्याने मोजलं. ब्रॅकेट ते बॉडी : १०.४. बॉडी ते चासी : ०.४. चासी ते बॅटरी : ०.१.

ब्रॅकेट काढलं. खाली रंग. २०२१ च्या पुरानंतर बॉडी घासून, प्रायमर मारून, जाड रंग चढवून आणली होती. ब्रॅकेट त्या रंगावर बसलं, बोल्टही रंगवलेल्या भोकातून गेला. काम सुंदर झालं होतं, आणि त्याच सुंदर कामाने दिव्याची परतीची वाट बुजवली. रंगाऱ्याचा यात दोष नाही. त्याने पत्रा वाचवला, पत्र्यातून करंट जातो हे त्याला सांगायची जबाबदारी गाडीच्या मालकाची असते.

ब्रॅकेटखालचा रंग पॉलिश पेपरने रुपयाएवढा खरवडला, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला, वरून वॅसलिन. वॅसलिन नेहमी आवळल्यावर, आधी नाही. उजवा ब्रेक दिवा पूर्ण पेटला.

आता दोन गोष्टी दिसल्या, दोन्ही अपेक्षेप्रमाणे. बॉडी ते चासी ०.४ होते ते ०.७ झाले, कारण आता दोन्ही दिव्यांचा पूर्ण करंट तिथून जातो आहे. आणि डावा दिवा, जो आत्तापर्यंत झकास पेटत होता, तो जरासा उतरला. पुरवठा ११.२ वरून १०.६ वर आला. उजवा बल्ब आपला वाटा घेऊ लागला आणि समोरच्या बाजूचा अडथळा उघडा पडला.

हे आकडे लहान वाटतात, पण तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने बदलतो. १३.५ व्होल्टला जेवढा उजेड, त्याच्या निम्माच ११ ला. आपल्याला आतून समजत नाही, मागच्याला समजतं.

ठरवलं : बॉडीवर विसंबायचंच नाही. दोन्ही दिव्यांच्या अंगाला थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) लावून स्वतंत्र काळी अर्थ वायर, २.५ चौरस मिलिमीटरची, थेट चासीच्या एका साफ केलेल्या बोल्टवर. त्याच बोल्टवर बॉडीची एक विणलेली तांब्याची पट्टी. आणि चासीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतची जुनी पट्टी बदलून नवी.

२९ सप्टेंबर, रविवार

पुरवठ्याची बाजू बघायला घेतली. मागच्या वायरी बॉडीखालून चासीच्या कडेने जातात. टेपची गुंडाळी सोडली तर आत जोडावर जोड, कुठल्याच वायरचा रंग दुसऱ्या टोकाला तोच नाही.

एक जुना अनुभव पुन्हा आला. टेलची एक वायर मागे सोडवून मीटर लावला : १२.३ व्होल्ट. उत्तम. त्याच वायरीवर टेस्ट लॅम्प लावला : दिवा लालसुद्धा झाला नाही. मीटर करंट जवळपास घेतच नाही, त्यामुळे वायरीतल्या तांब्याचा एक शाबूत केस उरला असला तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. काम करायला लावल्याशिवाय वायरची खरी स्थिती कळत नाही. नुसत्या मीटरवर विसंबून पास केलेल्या जुन्या वायरींनी पुष्कळ लोकांचे रविवार खाल्ले आहेत. बारा व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी यांचा घरी केलेला टेस्ट लॅम्प पेटीत असलाच पाहिजे.

ती वायर सोलली. तांबं काळं. आणखी वीतभर सोलली, तरी काळं, मध्ये हिरवी पूड. हातभर आत गेलो तरी चकाकी नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा ही जीप सीटच्या वरपर्यंत बुडालेली होती. नंतर इंजिन खोललं, गिअरबॉक्स धुतला, ब्रेक नवे केले, बॉडीचं वर सांगितलंच. वायरिंग पुसून, वाळवून, दिवे लागतात असं बघून तसंच ठेवलं गेलं. पण पाणी उघड्या टोकातून शिरलं की केसांच्या मधल्या फटींतून आत चढत जातं, आणि बाहेरचं प्लॅस्टिक त्याला वाळू देत नाही. तीन वर्षं ते आत तांबं खात बसलं. पुरात गेलेल्या गाड्या आमच्या भागात अजून खूप आहेत. त्यांच्या मालकांनी एकदा मागची एक वायर हातभर सोलून बघावी.

बहादूरशेख नाक्यावरच्या वायरमनला दाखवली. मुलगा हुशार आहे, हात स्वच्छ. म्हणाला, “काका, सगळी कशाला काढताय? मागचा खराब तुकडा कापतो, नवीन जोड देतो, तासाभरात गाडी घेऊन जा.”

“अरे, कापायचा कुठून? चांगलं तांबं सुरू कुठे होतं ते दाखव मला.”

त्याने स्वतःच पक्कड घेऊन आणखी दोन ठिकाणी सोलून पाहिलं आणि मग म्हणाला, “काका, ही डॅशबोर्डपर्यंत गेलीय.”

तर डॅशबोर्डपासून शेपटीपर्यंतचं सगळं नवीन. तो वायर आणि क्रिम्पिंगचा पाना (थिंबल वायरीवर दाबून आवळायचा) देणार, ओढायचं काम मी करणार.

५ ऑक्टोबर, शनिवार

वायर ठरवताना थोडं गणित. दोन ब्रेक दिवे म्हणजे ४२ वॅट, साडेतीन अँपिअर. पुढून मागे वाटावळणांसह चार मीटर धरले. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्यात एवढ्या लांबीला पाव व्होल्ट पडतो, दीडच्या वायरीत ०.१६. ब्रेकसाठी १.५ घेतली, बाकीला १. यापेक्षा जाड वायर ओढून उजेडात फरक पडत नाही, थिंबल मात्र बसेनाशी होते.

वायर कल्हई केलेल्या तांब्याची मिळाली, होड्यांच्या कामासाठी आणतात ती. पितळेच्या पातेल्याला कल्हई का लावतात ते ज्या घरात माहीत आहे तिथे ही वायर का घ्यायची हे समजावून सांगावं लागत नाही. थोडी महाग, पण खाऱ्या-दमट हवेत आणि आमच्या पावसात दुसरं काही घालायची इच्छा नाही.

रंग ठरवून घेतले आणि डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला : टेल लाल, ब्रेक हिरवी-जांभळी, डावा इंडिकेटर हिरवी-लाल, उजवा हिरवी-पांढरी, अर्थ काळी. ही लुकास या गाड्यांचे विजेचे भाग बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या पद्धतीची रंगसंगती. पुढे कुणीही गाडी उघडली तर त्याला अंदाजाने चाचपडावं लागू नये.

जोडांबद्दल वायरमनशी माझी चर्चा झाली. कथिलाचा डाग द्यायचा की क्रिम्प करायचं? घरातल्या कामात मीही डागच देतो. पण जीपमध्ये नाही. कथील केसांतून आत झिरपतं, वायर तेवढी ताठ होते, आणि जिथे ताठपणा संपतो तिथे थरथरीने केस तुटतात. क्रिम्प, आणि वरून आतून गोंद असलेली आकसणारी स्लीव्ह. वायरी तोडल्या फक्त दोन टोकांना, मध्ये एकही जोड नाही.

वाट सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूच्या चासीवरून. प्रत्येक भोकाला रबराचा ग्रोमेट, वीत-दीड वीत अंतरावर क्लिप. चाकाच्या वर जिथे दगड उडतात तिथे वायरींवर नळी.

जुन्या मांडणीत टेल आणि ब्रेकच्या वाटेवर फ्यूजच नव्हता. चासीवर एक वायर घासली असती तर जळायला आख्खी गुंडाळी मोकळी. आता टेलला ५ अँपिअर, ब्रेकला ७.५. दोन्ही वेगळे, म्हणजे एक उडाला तरी दुसरा दिवा मागे राहतो.

६ ऑक्टोबर, रविवार

अर्थ नवा, वायरी नव्या. ब्रेक दाबल्यावर पुरवठा ११.२ च्या आसपास. घाटा अजून आहे. आणि आता शांतपणे बघितल्यावर कळलं की पेडल हलकं दाबलं तर दिवे लागतच नाहीत, जोर दिल्यावर लागतात.

या जीपचा ब्रेक स्विच पेडलपाशी नसतो. ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीच्या कडेला मास्टर सिलिंडर असतो, त्यावर तो आट्यांनी बसवलेला असतो. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब आतला पडदा ढकलतो, पडदा दोन कॉन्टॅक्ट जोडतो. दोन्ही दिव्यांचा करंट त्या चिमुकल्या कॉन्टॅक्टमधून जातो. प्रत्येक वेळी जुळताना-सुटताना ठिणगी, वर्षानुवर्षं काजळी.

खात्री करायला स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडल्या : दिवे तत्काळ आणि पूर्ण. परत लावून, पेडल जोरात दाबून स्विचच्या दोन टोकांमध्ये मोजलं : १.१ व्होल्ट. स्विच गेला.

इथे मी थांबलो आणि मिस्त्रींना बोलावलं. हे काम दिसायला विजेचं, असायला ब्रेकचं. या जीपला एकच ब्रेक सर्किट आहे. त्या स्विचच्या आट्यांतून गळती लागली तर एका चाकाचा नाही, चारही चाकांचा ब्रेक जातो. आधुनिक गाडीत दोन सर्किट असतात, इथे दुसरी संधी नाही. ज्याला ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढता येत नाही त्याने हा स्विच सोडवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मिस्त्रींनी नवा स्विच हातात घेऊन आधी आटे जुन्याशी ताडून पाहिले. आटे निमुळते, वॉशर नसतो, आवळतानाच ते घट्ट होत जातात. “फार जोर द्यायचा नाय,” म्हणाले, “सिलिंडरला तडा गेला तर स्विच राहील न् ब्रेक जाईल.” जुना काढून भोकावर बोट, लगेच नवा. तरी थोडं ऑइल गेलंच, ते रंगावर पडू न देता पाण्याने धुतलं, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. मग चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली. पेडल दाबून धरून ठेवलं, स्विचभोवती कोरडा कागद लावला, कागद कोरडाच.

कॉन्टॅक्ट पुन्हा जळू नयेत म्हणून रिले (थोड्या करंटने चालणारा, मोठा करंट जोडणारा स्विच) घातला. स्विचमधून आता फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो. रिलेच्या टोकांवर नंबर असतात : स्विच ८६ वर, ८५ अर्थ, ३० ला बॅटरीवरून फ्यूजमार्गे थेट पुरवठा, ८७ वरून मागे दिव्यांना. रिले डॅशबोर्डखाली, कोरड्यात. मिस्त्रींना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, एक वस्तू वाढली म्हणजे बिघडायला एक जागा वाढली. मुद्दा रास्त आहे. म्हणून रिले साध्या सॉकेटात लावला आणि शेजारी एक सुटा रिले बांधून ठेवला, रस्त्यात काढून लावता येईल असा.

१० ऑक्टोबर, गुरुवार

दिव्यांची आतली डागडुजी. उजवा होल्डर नवा. काचेमागचं रबर वाळून तडकलं होतं, नवं कापून घातलं. दोन्ही दिव्यांच्या तळाला एक बारीक भोक असतं, आत साठलेलं पाणी जायला. पुराचा गाळ बसून दोन्ही बुजलेली होती, टाचणीने मोकळी केली. हे भोक सिलिकॉनने बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. पाणी तरीही शिरतं, मग बाहेर जात नाही.

आतला चकचकीत भाग काळवंडला होता. बारीक पॉलिशने जेवढा आला तेवढा आणला. डावी लाल काच पार फिकट झालेली, बदलली.

एलईडी बल्ब घालायचा आग्रह दोन-तीन जणांनी केला. कमी करंट, जास्त आयुष्य, सगळं खरं. पण या दिव्याचा आरसा आणि काच एका ठरावीक जागी असलेल्या बारीक तारेसाठी बनलेली आहे. एलईडीचे ठिपके त्या जागी नसतात, उजेड कुठेतरी एकवटतो, कुठेतरी पोकळी राहते. पांढरा एलईडी लाल काचेमागे गुलाबी दिसतो. आणि टेल व ब्रेक यांच्यातला फरक, जो २१ आणि ५ वॅटमध्ये डोळ्याला लगेच कळतो, तो स्वस्त एलईडीत कमी होतो. मागच्याला तोच फरक समजायला हवा. तारेचेच बल्ब ठेवले. आणलेले नवे बल्ब मीटरच्या अँपिअरवर तपासून घेतले. २१ वॅटच्या तारेने १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअरच्या जवळपास घ्यायला हवेत. एकाने फार कमी घेतले, तो दुकानदाराने बदलून दिला.

नंबर प्लेटचा दिवाही साफ केला. तो लोक विसरतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०५ व्या नियमात मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसावा आणि नंबर पांढऱ्या उजेडात १५ मीटरवरून वाचता यावा असं आहे.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

सकाळी पूजा. झेंडूचं तोरण पुढे बांधलं, मागे नाही, दिवे झाकले जाऊ नयेत म्हणून.

संध्याकाळी शेवटची मोजणी. इंजिन बंद, बॅटरी १२.५, ब्रेक आणि सगळे दिवे चालू. दोन्ही दिव्यांना ब्रेकचा पुरवठा १२.२. दिव्याच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत डावीकडे ०.०७, उजवीकडे ०.०८. इंजिन चालू असताना बल्बवर १३.५.

मग काळोख पडल्यावर गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर जीप कडेला उभी केली, मुलगी ब्रेकवर, मी पावलं मोजत मागे. दीडशे मीटरच्या पुढे गेल्यावरही टेल लाईट स्पष्ट होती. फोनवर तिला “दाब” म्हटलं की दोन्ही बाजू एकदम उजळत होत्या. पंधरा मीटरवरून नंबर वाचता आला. उजवा इंडिकेटर आपला आपण, लाल दिवा त्यात सामील नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

परतीचा पाऊस अजून आहे. जीप कुंभार्ली चढवून हेळवाकपर्यंत नेली आणि खाली आणली. वर ढग रस्त्यावर उतरलेले. मित्र त्याच्या गाडीतून मागे होता. त्याला आधी काही सांगितलं नव्हतं, खाली आल्यावर विचारलं. त्याच्या म्हणण्यानुसार धुक्यात जीपचा आकार दिसेनासा झाला तरी दोन लाल दिवे कायम होते, आणि वळणाआधी मी ब्रेकला पाय लावला की त्याला ताबडतोब कळत होतं. हलक्या पायाने दाबलं तरीसुद्धा.

घरी आल्यावर तपासलं : काचांच्या आत पाणी नाही, चासीवरच्या क्लिपा जागेवर, अर्थचा बोल्ट घट्ट, मास्टर सिलिंडरच्या स्विचभोवती कोरडं. उजव्या अर्थचा आकडा ०.०८ चाच. ग्रोमेट एके ठिकाणी भोकातून सुटला होता, जरा मोठा घालून बसवला.

उरलेलं : मागे लाल रिफ्लेक्टर लावायचे आहेत, दोन्ही कडांना, दिव्यांच्या खाली. बॅटरी बसली किंवा गाडी घाटात बंद पडून अंधारात उभी राहिली तर मागच्याच्या हेडलाईटवर चमकणारं तेवढंच. पुढच्या इंडिकेटरच्या वायरी अजून पुराआधीच्याच आहेत, त्या दिवाळीनंतर काढायच्या. पुढच्या दिव्यांच्या ब्रॅकेटखालीही तोच जाड रंग आहे, तिथे आधी अर्थ मोजायचा.